तांब्याभर चूळ

राहुरीजवळच्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी टूथपेस्ट बनवते. हे कळलं की लोक आधी हसतात आणि मग आ करून स्वतःचे दात दाखवतात.

आमची पेस्ट कमी फ्लोराइडची. लहान पोरं पेस्ट गिळतात, शिवाय काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मुळातच जास्त. माझ्या पुढच्या दातांवरचे पिवळट डाग त्याच पाण्याचे. फोटोत मी कायम ओठ मिटून. त्यामुळे थोड्या फ्लोराइडमध्येही दात किडू न देणारी पेस्ट करायची, हे मी मनावरच घेतलं होतं.

प्रयोगशाळेत ती झकास चालली. मग कवळी वापरणाऱ्या काही ज्येष्ठांच्या कवळीत खऱ्या दाताचा छोटासा तुकडा बसवला आणि त्यांना कवळी तोंडात ठेवूनच आमच्या पेस्टनं घासायला सांगितलं. काही आठवड्यांनी तुकडे परत आले ते पार मऊ पडलेले. पेस्ट लावलीच नव्हती जणू! साहेब म्हणाले, "अजून एकदा करून बघा. नाही जमलं तर फाईल बंद." मी घरी येऊन भांडी आपटली.

त्या रविवारी कोल्हारला आईकडे गेले. सकाळी आम्ही दोघी मोरीपाशी माझ्याच पेस्टनं दात घासत होतो. आईनं तांब्याभर पाण्यानं खळखळून चुळा भरल्या, मागोमाग मीही. दुसरा तांब्या रिकामा होत आला तेव्हा डोक्यात उजेड पडला. होतं तेवढं फ्लोराइड आम्ही मोरीत सोडत होतो, कवळीवाले ज्येष्ठही तेच करत असणार, आणि त्यात पेस्ट बनवणारी बाईसुद्धा सामील!

"आई, आजपासून चूळ भरायची नाही. नुसतं थुंकायचं."

"आन मग खरकट्या तोंडानं च्या प्यायचा व्हय? तुज्या पेष्टचा फेसच लई हाय. तो आधी कमी कर."

मला राग आला. शिकलेली मी की ही? पण परतताना एसटीत बसल्या बसल्या पटलं. गावाची सवय मोडण्यापेक्षा फेस मोडणं सोपं होतं.

मग फेस आणणारा घटक जवळजवळ काढूनच टाकला, तोंड चिकट वाटू नये म्हणून गोडवाही कमी केला. नवे तुकडे बसवून कवळ्या पुन्हा दिल्या. या वेळी तुकडे टणक निघाले. साहेबांनी फाईल उघडीच ठेवली. माझा आनंद गगनात मावेना.

परवा आईला नवी ट्यूब दिली. तिनं दात घासले, थुंकली, एकच चूळ भरली आणि चहाचा कप उचलला. तांब्या जवळजवळ भरलेलाच होता.

"तोंड खरकटं नाही वाटत?" मी विचारलं.

"न्हाई. पन आता तरी फोटूत हास."

मी तिथेच मोबाईल काढला आणि दोघींचा फोटो घेतला. माझे सगळे डाग त्यात स्वच्छ दिसतात.