काळीसाठी दळलेली चार पोती

काळी, वय वर्षं सोळा, राहणार बेंबळी (जात विचारू नये, मांजर होती), हिच्यावर गेल्या सोमवारी दुपारी ठीक सव्वाचार वाजता घोर अन्याय झाला. अन्याय करणाऱ्याचं नाव मला माहीत आहे, पण ते लगेच सांगायचं नसतं, हे मी चार आंदोलनांत शिकले. त्यातली तीन गटारीसाठी होती आणि चौथं बसथांब्यासाठी. गटार अजून तुंबलेलीच आहे आणि बसथांबा अजून यायचाय. पण पत्रकं उत्तम निघाली होती.

काळी आमच्या घरी आली तेव्हा मी दुसरीत होते. आता तिला दात उरले होते तीन. एका कानानं तिला ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्यानं ऐकायची तिची इच्छा नव्हती. दिवाळी झाली तशी तिनं नवीनच रीत सुरू केली. सकाळी दूध-भाकरी खाऊन दहाच्या सुमाराला बाहेर पडायची आणि दिवेलागणीला परत यायची. जाताना काळी असायची, येताना पांढरी.

आईनं याचा निकाल एका वाक्यात लावला. "म्हातारी झाली. केस पिकले."

"मग सकाळी परत काळे कसे हुतात?"

"मला काय इचारती? तिला इचार."

मी रीतसर वही केली. तारीख, वेळ, शेपटीचा रंग. संशयितांत पहिल्यांदा चुना होता, मग खत, मग शेजारणीची पावडर. एक दिवस मी तिच्या मागोमागही गेले. पण काळीला चार घरं ओलांडायला पाऊण तास लागायचा आणि दर दोन पावलांनी ती बसून विचार करायची. मी विजेच्या खांबाआड उभी होते. येणारा-जाणारा प्रत्येक जण "काय गं, कुणाची वाट बघती?" असं विचारून जात होता. शेवटी आईच्या कानावर भलतंच काही जाण्याआधी मी तपास थांबवला.

मग एका शनिवारी ती परत आलीच नाही. रविवारीही नाही. आईनं वाटीतलं दूध दोनदा बदललं आणि इतकंच म्हणाली, "जायची येळ आली की मांजर घर सोडतं म्हणं. जाऊ दे. पर डोक्यावरनं एकदा हात फिरवू द्यायचा व्हता."

आईचं हे वाक्य माझ्या डोक्यात गेलं. आणि माझ्या डोक्यात काही गेलं की ते पत्रक होऊनच बाहेर पडतं. जाहीर निषेध! ज्येष्ठ सदस्येचं अपहरण! मागण्या तीन: काळीला तत्काळ हजर करा, तिला पांढरं फासणाऱ्यानं जाहीर माफी मागावी, आणि प्रत्येक जिवाला आपल्या मर्जीच्या जागी राहू द्या. (तिसरी मागणी मी प्रत्येक पत्रकात टाकते. खालची जागा भरते.) शंभर प्रती काढल्या.

सोमवारी त्या वाटता वाटता गटारीवरच्या फरशीवर मला पांढरे पंजे उमटलेले दिसले. एकामागून एक, अगदी सावकाश पडलेले. ते थेट आप्पांच्या पिठाच्या गिरणीत शिरत होते. आत, धडधडणाऱ्या गिरणीच्या बुडाशी, रिकाम्या पोत्यांवर काळी झोपली होती. अंगावर बोटभर पीठ.

इथं कुणीही शहाण्या माणसानं आईला बोलावलं असतं. मी दळणाच्या रांगेतल्या बायकांपुढं भाषण केलं. गिरणीच्या आवाजात त्यांना एक शब्द ऐकू गेला नाही, तरी मी ते पूर्ण केलं. मग काळीला उचललं, छातीशी धरलं आणि घोषणा देत घरी आणलं. घड्याळात सव्वाचार वाजले होते.

घरी काळीनं दुधाकडं पाठ केली, दाराकडं तोंड केलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मला बसथांबा आठवला. जनावरांचे डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, एक-दोन दिवस. त्रास देऊ नका, तिला जिथं बरं वाटतं तिथं असू द्या.

आई म्हणाली, "न्हेऊन सोड."

मंगळवारी सकाळी काळीला घेऊन मी त्याच रस्त्यानं, त्याच बायकांसमोरून गेले. आईही बरोबर होती. आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांच्या हातात माझं पत्रक होतं.

"वाचलं म्या," ते म्हणाले. "पयल्या दोन मागण्यांचं बघू. पर तिसरी मला मान्य हाय."

माझी कुठलीही मागणी मान्य व्हायची ही पहिलीच वेळ.

पोत्यांवर ठेवताच काळी पसरली. आई शेजारी टेकली. तिला निरोप शांततेत घेता यावा म्हणून आप्पांनी गिरणी बंद केली. त्याबरोबर काळीनं मान वर केली, पाय सावरले आणि ती उठू लागली. आप्पांनी बटण दाबलं. जमिनीतून धडधड सुरू झाली तशी ती पुन्हा आडवी. तेव्हा कुठं कळलं: ती पिठासाठी येत नव्हती, उंदरासाठी तर नाहीच नाही. म्हाताऱ्या हाडांना ती थरथर हवी होती.

रांगेतली दळणं बारापर्यंत संपली. आप्पा कान खाजवत म्हणाले, "वहिनी, मोकळी गिरणी चालवता येत न्हाय. दगडाला दगड घासतो."

आईनं काळीवरचा हात उचलला नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "घरी जा. ज्वारी आण."

एक पोतं आणलं. आप्पांनी दाण्यांची धार जमेल तितकी बारीक सोडली, तरी ते संपलं. दुसरं आणलं. मग तिसरं. जाहीर सभेतसुद्धा मी इतकी घामाघूम झाले नव्हते. चौथं, म्हणजे घरातलं शेवटचं पोतं अर्ध्यावर आलं तेव्हा आईच्या हाताखालचं पोट हलायचं थांबलं. उरलेली ज्वारी दळून झाली.

मग आई म्हणाली, "आप्पा, करा आता बंद."

काळीला आम्ही गिरणीमागच्या लिंबाखाली पुरलं. आप्पांनी वर एक मूठ पीठ टाकलं.

आता नाव सांगायचं राहिलंय. ते प्रत्येक पत्रकात खाली छापलेलं असतं: निमंत्रक, म्हणजे मीच. पहिली मागणी मीच पुरी केली, चुकीच्या ठिकाणी. दुसरीतली जाहीर माफी मी आप्पांची मागते.

आणि चौथी मागणी तुमच्याकडं आहे. आमच्या घरात या घडीला वर्षाच्या ज्वारीचं पीठ आहे आणि ज्वारीचं पीठ आठ-पंधरा दिवसांत कडू होतं. तीन दिवस सरले. माणसं घरात दोन. तेव्हा डबा घ्या आणि आजच आमच्या घरी या, नुसता पाठिंबा नको. पीठ नेलं की चाळून घ्या. चाळणीत काळे केस निघाले, तर ते तेवढे आईला परत आणून द्या.