दाजींच्या सांध्यांचे दिवे

आमच्या दाजींइतका संशयी माणूस अख्ख्या कोल्हापुरात झाला नसेल, आणि त्यांच्याइतका माणसांवर भरवसा ठेवणाराही मी दुसरा पाहिला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आमच्या आक्काचे यजमान. त्यांचा संशय माणसांवर नव्हताच मुळी. तो होता कड्या-कोयंड्यांवर, नळाच्या तोट्यांवर, दिव्याच्या बटणांवर. कुणी ‘दार लावलं’ म्हटलं की ते शांतपणे विचारायचे, “लावलंस, पर कडी बसली का?” आक्कानं आतून जेवायची हाक मारली की हे जागेवरूनच म्हणायचे, “ताट वाढलंयस का नुसती हाकच हाय?” आक्काही काही कमी नव्हती. ती म्हणायची, “येऊन बघा. न्हाईतर बसा तिथंच हाक खात.” माझ्या लग्नाला वऱ्हाड शाहूवाडीकडं ट्रकनं निघालं होतं. माझे चुलते ओरडले, “सगळी बसली, सोड गाडी.” दाजी ट्रकच्या पुढं जाऊन उभे राहिले. “बसली म्हणतासा, का बसलेली बघितलासा?” चुलते वैतागले, ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला, पण दाजी हलेनात. मग एकेक डोकं बघत गेले तेव्हा कळलं की नवरीच गाडीत नाही. मी आत अंबाडा घालून घेत बसले होते. तेव्हा बाकीच्यांनी त्यांना खुशाल हसावं, मी कधी हसले नाही.

मंगळवार पेठेत त्यांचं भाड्याचं लहानसं घर होतं. दाजी एका कचेरीत कारकून होते. संध्याकाळी आले की चहा घेऊन मागच्या खोलीत शिरायचे. त्या खोलीत पलंगाएवढी फळी मांडलेली होती आणि फळीवर त्यांची आगगाडी. विकतची नव्हे हं, हातानं केलेली. रूळ पितळेच्या पट्ट्यांचे, इंजिनात मोडक्या खेळण्यातली मोटार, डबे बिस्किटाच्या पत्र्याचे. पण दाजींचा जीव गाडीत नव्हता, सांध्यात होता. रूळ जिथं फुटून दोन वाटा होतात तो सांधा. तिथं दोन पाती असतात. ती इकडं सरकली तर गाडी सरळ जाते, तिकडं सरकली तर बाजूच्या रुळावर. दाजींनी पाती केली होती करवतीच्या जुन्या ब्लेडची, आणि ती सरकवायला फळीखालून सायकलीची तार घालून कडेला एकेक दांडा बसवला होता. शेजारी एक पाटी, तिच्यावर टॉर्चचे बल्ब. आकाशकंदिलाचा लाल-हिरवा कागद त्यांना चिकटवलेला. हिरवा लागला तर सांधा सरळ, लाल लागला तर बाजूला. पाव्हणे यायचे गाडी बघायला आणि दिवे बघून जायचे. “दाजी, गाडी पळवा की आता,” असं कुणी म्हटलं की, “गाडी काय, कुणाची बी पळती. आधी दिवं बघा,” म्हणून पुन्हा पहिल्या सांध्यापासून सुरू. तोवर चहाच्या कपात साय धरायची.

हा नाद कुठून लागला ते मला आक्कानं सांगितलं. दाजींचे वडील, आबा, मिरजेच्या वाटेवरच्या एका लहानशा स्टेशनात सांधेवाले होते. एके सकाळी मालगाडीचं इंजिन सरळ जायचं ते बाजूच्या रुळावर गेलं. तिथं गुळाच्या ढेपांची भरणी चालली होती. एका हमालाचा पाय गेला. आबांनी दांडा पुरा ओढला नाही असं ठरलं आणि त्यांची नोकरी गेली. आबा मरेपर्यंत एकच सांगत राहिले, “म्या दांडा पुरा वडला हुता.” कुणी मानलं नाही. त्यांच्या बायकोनंही नाही. दाजींची आई एकदा भांडणात बोलून गेली होती, “पुरा वडला असता तर गाडी तिकडं गेलीच नसती की.” त्यानंतर आबांनी तो विषय घरात काढला नाही आणि तसेच गेले. म्हातारी आता लेकाजवळ राहायची. सगळं घर तिच्या हातचं खाल्ल्याशिवाय झोपायचं नाही, पण त्या मागच्या खोलीत तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. गाडीचा आवाज आला की ती अंगणात जाऊन बसायची. आणि दाजी त्या फळीवर रोज आबांचा तो दांडा ओढून बघायचे. दांडा पुरा ओढूनही गाडी चुकू शकते का, एवढंच त्यांना बघायचं होतं. वर्षं गेली, त्यांची गाडी काही चुकत नव्हती. त्याच्यासारखं दुःख नाही बघा, आपली वस्तू नीट चालते याचं दुःख.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा. आक्कानं विळी पुजली, पाटा-वरवंटा पुजला, दाजींची पकड नि कानस पुजली, आणि दाजी कचेरीतून यायच्या आत फळीवरच्या आगगाडीवरही हळदकुंकू वाहून भक्तिभावानं मूठभर अक्षता टाकल्या. संध्याकाळी मी गेले होते, आपट्याच्या पानांचं काहीतरी विचारायला. दाजींनी आधी फळीवरच्या अक्षता फुंकून काढल्या. मग दांडा ओढला. हिरवा दिवा लागला. गाडी सोडली, आणि ती सरळ न जाता सुळकन बाजूच्या रुळावर शिरून उभ्या डब्यांवर आदळली. डबे खाली फरशीवर पडले.

आवाज ऐकून म्हातारी दाराशी आली. दाजींनी बॅटरी लावली, वाकून बघितलं. पातं आणि रूळ यांच्यामध्ये अक्षतेचा एक दाणा अडकला होता. दांडा पुरा ओढलेला, खालची सायकलीची तार वाकलेली, आणि पातं मात्र होतं तिथंच. दिव्याची तार दांड्याला जोडलेली, म्हणून तो बापडा हिरवाच.

आक्का घाबरून म्हणाली, “माझंच चुकलं जणू.”

“न्हाई गं,” दाजी म्हणाले. “तू बस.”

“काय झालं रं?” म्हातारीनं विचारलं.

“आई, दांडा फिरला. पातं फिरलं न्हाई.”

म्हातारी उंबऱ्यातच थांबली. तिथूनच म्हणाली, “म्हंजी त्येंनी वडला हुता.”

दाजींच्या जागी दुसरा कुणीही ‘व्हय’ म्हणाला असता. मीसुद्धा म्हणाले असते. पण हे दाजी. “तसं सांगता येत न्हाई, आई. तिथं खडा अडकला हुता का, कुणी बघितलं न्हाई. पर वडला असंल. वडूनबी असं हुतंय, एवढं खरं.”

“तेवढं बास झालं मला,” म्हातारी म्हणाली, आणि आत येऊन फरशीवरचे डबे गोळा करायला लागली.

पुढं दाजींनी सगळे दिवे उसकटले. आता तार दांड्याला नाही, पात्याच्या टोकाला. पातं रुळाला टेकलं तरच दिवा लागणार. केसाएवढ्या पट्ट्या, कथील वितळवून जोडायच्या. आक्काच्या दोन लुगड्यांना भोकं पडली, दाजींच्या चष्म्याचा नंबर वाढला. म्हातारी आता खोलीत भिंतीला टेकून वाती वळत बसायची. लेकानं दांडा ओढला की ही दिव्याकडं न बघता रुळाकडं बघायची आणि म्हणायची, “टेकलं.”

दिवाळी झाली तशी ती म्हणाली, “मला त्या टेसनात ने एकदा.” आबांची नोकरी गेल्यापासून तिनं आगगाडीत पाय ठेवला नव्हता. आम्ही चौघं गेलो. स्टेशन अगदीच लहान, एक बाक, एक चिंच. सांध्यापाशी खाकीतला एक माणूस बिडी ओढत उभा होता. म्हातारी त्याच्याकडं गेली, मागून दाजी. मी आणि आक्का बाकावरच बसलो, पण वारा तिकडून आमच्याकडं, सगळं ऐकू येत होतं.

“पावणं, जरा हात लावून बघू का ह्येला?”

“लावा की आज्जी. पर वडू नगासा.”

म्हातारीनं लोखंडी दांड्यावर हात ठेवला. नुसताच ठेवला. “लई जड असतोय व्हय?”

“सकाळच्या पारी जड जातोय. थंडीत तर इचारू नगा.”

“हां,” म्हातारी म्हणाली. “त्येंचा खांदा दुखायचा. घरी आलं की मी शेक द्यायची.” मग म्हणाली, “नोकरी गेली, मग न्हाई दिला.”

त्या माणसानं बिडी विझवली. दाजी रुळांकडं तोंड करून लांब कुठंतरी बघत होते. परतीच्या गाडीला अवकाश होता. आक्का जेवणाचा डबा उघडत होती, तिला मी खुणेनंच राहू दे म्हटलं.