कोपऱ्यातला निळा ड्रम

ज्या रोगात सगळं विसरायला होतं, त्याच रोगाचा अभ्यास करताना मी काय विसरलो, ते ऐका. हसा खुशाल, पण अहमदपूरला आमच्या घरी कळू देऊ नका. तिथं मला अजून हुशार समजतात.

मी तेव्हा लातूरला एम.फार्म. करत होतो. या रोगात शरीराचे राखणदारच फिरतात आणि आपल्याच मेंदूवर तुटून पडतात. मेंदूला सूज येते, आठवण जाते. हा रोग आम्ही सहा उंदरांमध्ये उभा केला होता. दुसऱ्या पिंजऱ्यात सहा निरोगी. निरोगी उंदीर वाट लक्षात ठेवतात आणि आजारी विसरतात, एवढंच दाखवायचं. ते दिसलं नाही तर माझं वर्ष गेलं.

आठवण तपासायची कशी? गोल हौदात पांढरट केलेलं पाणी, त्याखाली दडवलेला छोटा पाट. उंदीर पोहत पोहत पाट शोधतो आणि नंतर सरळ तिथंच जातो. पण साल होतं दुष्काळाचं. नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी. उंदीर सांभाळणारे शिवलिंगमामा, मूळचे शिरूर अनंतपाळचे, मला रोज ऐकवायचे.

"माणसाला तोंड धुवायला पाणी न्हाई, अन् तुझे उंदरं पव्हून राहिले. लई पुण्यवान जात हाय बाबा."

चार दिवस सगळं झकास चाललं. निरोगी उंदीर सरळ पाटावर, आजारी हौदभर भटकून राहिलेले. पाचव्या दिवशी आमच्या गाईड मॅडम बघायला आल्या, आणि नेमका पहिलाच निरोगी उंदीर नुसता गोल गोल फिरला. दुसरा तसाच. तिसराही. मी घाईघाईनं मॅडमकडं वळलो.

"मॅडम, रोग पसरला वाटतं. निरोगी पण विसरून राहिलेत."

"अरे, हा रोग ज्याच्या त्याच्या शरीरातच उठतो. शेजाऱ्याकडून यायला ती सर्दी आहे का?"

दारातून मामा म्हणाले, "त्या कोपऱ्यातला..."

"मामा, मधी बोलू नका," मी त्यांना तोडलं.

आणि मग मी जे बोललो त्याची आजही लाज वाटते. म्हणालो, "पिंजऱ्यांची अदलाबदल मामांनीच केली असेल."

मामांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एक पिंजरा चुकला नव्हता. मॅडमनी शेपट्यांवरच्या खुणा तपासल्या. सगळे उंदीर आपापल्या पिंजऱ्यात.

"उंदीर खोलीतल्या वस्तू बघून दिशा ओळखतो," मॅडम म्हणाल्या. "इथलं काही हललंय का?"

"खिळासुद्धा हलला नाही," मी छातीठोकपणे सांगितलं.

"खिळा न्हाई हालला," मामा शांतपणे म्हणाले. "कोपऱ्यातला निळा ड्रम हालला."

"कुणी हलवला?" मी खेकसलो.

"तूच की. काल टँकर आला तवा डोक्यावर घेऊन होस्टेलला पळालास."

आता तुम्हीच सांगा, त्या वर्षी लातुरात टँकरचा हॉर्न ऐकल्यावर हाताला लागेल ते घेऊन पळालं नाही, असा माणूस होता का? ड्रम माझ्या खोलीत होता, काठोकाठ भरलेला, झाकणावर दगड. माझी दहा दिवसांची आंघोळ होती ती. आणि इकडं त्या ड्रमाच्या खुणेवर वाट काढणारे बिचारे उंदीर भर पाण्यात चुकले होते.

पाणी होस्टेलच्या पोरांच्या बादल्यांत वाटून टाकलं आणि ड्रम परत त्याच कोपऱ्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी सहाही निरोगी उंदीर सरळ पाटावर. आजारी मात्र आधीसारखेच भटकत राहिले. वर्ष वाचलं. मी आंघोळीविना तसाच मामांच्या पाया पडलो. म्हटलं, "मामा, चुकलो."

मामांनी पाठीवर हात ठेवला, माझी नोंदवही पुढं ओढली आणि आजाऱ्यांच्या रकान्यावर बोट टेकवलं.

"हितं सहा लिव्हलंस ना? सात कर."