मोजलेला श्वास

हे गेल्यापासून माझं विहारात जाणं सुटलं होतं. लोह्याच्या घरात एकटीच; मुलगी दूर सासरी, तिचे दिवस भरत आलेले. साधना करायला बसलं की श्वास ध्यानात येण्याऐवजी यांचा शेवटचा श्वासच आठवे. मग बसणंच सोडून दिलं. त्यात दम लागू लागला आणि उतारवयात कळलं, माझ्या हृदयाला जन्मापासून छिद्र आहे.

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "मांडीतून नळी घालून हृदयातला दाब बघू. पण त्याआधी तुमचं शरीर किती ऑक्सिजन वापरतं, ते मोजायला हवं. त्यावरच छिद्र बंद करता येईल की नाही ते ठरेल. इथे अंदाज चालणार नाही."

मला खाटेवर निजवून डोक्यावर पारदर्शक प्लास्टिकचा टोप ठेवला. स्वस्थ पडायचं, एवढंच काम. पण आत माझाच श्वास मला मोठ्यानं ऐकू येऊ लागला आणि रडू फुटलं. तंत्रज्ञ हळूच म्हणाला, "मॅडम, श्वास स्थिर झाल्याशिवाय आकडा धरता येत नाही." बाहेर वाट बघणारं माझं कुणी नव्हतं. वाटलं, उठावं आणि घरी जावं.

शेजारच्या खाटेवर इस्लापूरकडची एक बाई होती. तिची मांडीतल्या नळीची तपासणी नुकतीच झालेली.

"रडू नगा ओ बाई," ती म्हणाली. "मला बी हलता येईना, पाय सरळ ठेव म्हणलेत. पर मी हाय की इथं. हात द्या इकडं."

मी हात दिला. तिचा खरखरीत अंगठा माझ्या हातावर सावकाश फिरत राहिला. किती वेळ गेला कोण जाणे. श्वास येत होता, जात होता, आणि मी त्याला अडवत नव्हते.

"झालं, मॅडम," तंत्रज्ञ म्हणाला, तेव्हा मी दचकलेच.

नळीची तपासणी करून मला परत आणलं, तेव्हा ती खाट रिकामी होती. तिला वॉर्डात हलवलं होतं, आणि नाव तर मी विचारलंच नव्हतं.

आकडे ठीक आले, आणि पुढे डॉक्टरांनी छिद्र बंद केलं. याला चमत्कार म्हणत नाही. वरून कुणी कृपा धाडतो, असं आमचा धम्म सांगत नाही. पण करुणा हा शब्द मी जन्मभर नुसता म्हणत आले होते. त्या दिवशी तिनं माझा हात धरला.

आता पुन्हा विहारात जाते. सर्व प्राण्यांचं मंगल चिंतताना डोळे मिटते, आणि सगळ्यांच्या आधी ती बिननावाची बाई येते.