व्हॉइड डेकवरची मध्यरेषा

माझे बाबा पगारी कबड्डी खेळायचे. आमच्या जिल्ह्यात गिरणीने ज्यांना कामाला नव्हे, खेळायला म्हणून नोकरीवर घेतलं, अशा पहिल्या काही जणांतले ते. हजेरी लावायची आणि मैदानावर जायचं. चढाईत चौघांनी दाबून धरलं तरी सरपटत जाऊन मध्यरेषेला बोट लावायचे म्हणे. म्हणे, कारण मी पाहिलंच नाही. मला कळायला लागलं तोवर गुडघा गेला होता आणि बाबा त्याच गिरणीच्या गेटवर वॉचमन होते. जुने कामगार येता-जाता त्यांच्या पाया पडायचे, आणि मला मेलीला त्यांच्या खाकी शर्टाची लाज वाटायची.

सहा वर्षांपूर्वी ते आमच्याकडे इथे परदेशात, टॅम्पिनीसला आले, तीन महिन्यांसाठी. लेक तेव्हा दुसरीत होती. एका संध्याकाळी मी रॅफल्स प्लेसहून ऑफिस संपवून येते, तर आमच्या इमारतीखाली, व्हॉइड डेकच्या, म्हणजे खांबांमधल्या मोकळ्या तळमजल्याच्या फरशीवर, खडूने आखलेलं अख्खं मैदान! बाबा, म्हणजे लेकीचे आबा, पँट दुमडून उभे. लेकीने रेषेला हात लावून तो कपाळाला लावला आणि एका दमात "कबड्डी कबड्डी" करत त्यांच्यावर चालून गेली. शेजारची चिनी आजी बाकावर बसून बघत होती.

आमचा इथल्या कायम वास्तव्याचा, पीआरचा अर्ज तेव्हा अडकलेला. त्या दिवसांत मी लिफ्टमध्ये शिंकायलासुद्धा घाबरायचे.

"बाबा, अहो काय हे! कुणी तक्रार केली म्हणजे? पुसा आधी ते!" सगळ्यांसमोर खेकसले मी.

त्यांनी वर जाऊन ओलं फडकं आणलं आणि त्या दुखऱ्या गुडघ्यावर बसून एकेक रेषा पुसली. मध्यरेषा सगळ्यात शेवटी. मी नुसती उभी राहिले. उरलेले दिवस त्यांनी टीव्हीसमोर काढले, मग गावी परतले, आणि पुढच्या वर्षी तिथेच वारले.

पीआर मिळालं. खडूचा आणि त्याचा काडीचा संबंध नव्हता.

मधली वर्षं ती चिनी आजी मुलाकडे राहायला गेली होती. परवा लिफ्टपाशी भेटली. विचारते, "तुझे वडील परत खेळायला आलेच नाहीत? दुसऱ्या दिवशी मी माझ्या नातींना घेऊन खाली वाट बघत बसले होते."

अरे देवा! तक्रार करणारं कुणी नव्हतंच.

रविवारी खडू घेतला आणि लेकीला खाली ओढत नेलं. आता चौदाची आहे ती. फरशीवर रेषा ओढून म्हटलं, "आबांनी शिकवलेलं करून दाखव ना गं, एकदाच."

तिने घाबरून इकडेतिकडे पाहिलं आणि इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "आई, डोन्ट लाह! समवन विल कम्प्लेन."

आबांनी शिकवलेलं ती विसरली. मी शिकवलेलं मात्र बरोब्बर लक्षात ठेवलंय.