भोंगा ऐकू न येणारं घर

नदीकाठच्या त्या गावात पुराची सूचना देणारा, सौरऊर्जेवर चालणारा भोंगा आम्ही बसवला होता. त्याचा आवाज कुठल्या घरांपर्यंत पोचतो, हे गावातल्याच बायकांबरोबर फिरून गावाच्या नकाशात नोंदवायचं काम माझ्याकडे होतं. दुपारी चाचणीचा भोंगा वाजला आणि गल्लीतली माणसं दारात आली. एक म्हातारी मात्र ओट्यावर पाठमोरी बसून शेंगा फोडत राहिली.

"सोनाबाईंना ऐकू येत नाही," माझ्याबरोबर फिरणाऱ्या, त्यांच्या शेजारच्या मंगलताई म्हणाल्या. "मागच्या पुरात मीच जाऊन त्यांना हलवून उठवलं."

"आणि तुम्ही घरी नसलात तर?"

मंगलताईंनी समोरच्या घरातल्या सुनेला हाक मारली, आणि दोघींनी आपली नावं मला नकाशात सोनाबाईंच्या घराजवळ लिहायला लावली.

मंगलताईंनी सोनाबाईंसमोर बसून खुणांनी हे सगळं सांगितलं. सोनाबाईंनी नीट पाहून घेतलं. मग स्वतःच्या खांद्यावर मागून हात पडल्यासारखं करून त्या दचकल्या, त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि बोटानं आपल्या समोरची जागा दाखवली.

"इतकी वर्षं शेजारी राहते," मंगलताई हळू आवाजात म्हणाल्या, "पण हे कधी विचारलंच नाही."

सावध करायचं म्हणजे आवाज दूरवर पोचवायचा, असंच आम्हीही धरून चाललो होतो. त्या दोन नावांखाली मी लिहिलं: समोरून जावं, मागून हात लावू नये.