आधी पाखराचा घास

धुरपदाबाईच्या हाताला गुण आहे, असं गावात लहानथोर सगळेच म्हणायचे. फैजपूरकडच्या त्या गावात केळी काय, सगळ्यांच्याच. पण उन्हाळ्यात झळा सुटल्या की घडांना पांढऱ्या कापडी पिशव्या चढवाव्यात त्या हिनंच. लेकराला झबलं घालावं तशी घालायची. वरून सुतळी आवळायची, खालचा घेर मोकळा सोडायचा. शेजाऱ्यांचे घड भाजून काळे पडले तरी हिचे हिरवेगार. हे लक्षात ठेवा बरं, कारण सगळा घात याच हातानं झाला.

नवरा चुडामण. गाव त्यांना नाना म्हणायचं. गळ्यात तुळशीची माळ, आणि सोवळं असं की वांग्यात एक अळी निघाली तर अख्खं भरीत उकिरड्यावर टाकायला लावतील. असा माणूस एके दिवशी लकव्यानं आडवा झाला. एक अंग गेलं, वाचा गेली. मागच्या पडवीत खाट टाकली, शेजारी कूलर लावला. नवीन हा एकुलता मुलगा, तो नोकरीला धुळ्यात, त्याचा संसार तिकडेच. घरात ही दोघंच.

पडवीसमोर मोरीच्या पाण्यावर एक केळ वाढली होती. तिच्या घडात, दोन फण्यांच्या सांदीत, बुलबुलाच्या जोडीनं घरटं केलं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला पिल्लं निघाली. मादी चोचीत अळी घेऊन आली की तिन्ही पिल्लं आ करायची, आणि खाटेवरून बघता बघता नानाही आ करायचे.

"पहा वं माय, चौथं पिल्लू!" धुरपदाबाई हसायची आणि त्या उघड्या तोंडात पेजेचा चमचा सोडायची. एरवी घासाघासाला तोंड फिरवणारा माणूस असा खायला लागला. तिला वाटलं, देवच पावला.

मग एक दुपार अशी आली की जमिनीवर पाय टेकवेना. वाऱ्यानं केळीच्या पानांच्या चिंध्या झाल्या होत्या आणि ऊन थेट घरट्यात उतरलं होतं. पिल्लं माना टाकून धापा टाकत होती. नानांनी चांगला हात उचलला आणि घडाकडे हलवायला लागले, हलवतच राहिले.

"समजलं, समजलं. झाकते न मी," ती म्हणाली. घरात पिशव्यांचा गठ्ठा होताच. एक काढली, घडाला चढवली, वरून सुतळी आवळली. हात धुतले आणि जरा आडवी झाली.

घडाला श्वास घ्यावा लागत नाही हो. पिल्लांना लागतो. आणि पाखरू वरून उतरतं, खालून घेरातून शिरत नाही. एवढं साधं त्या घडीला तिच्या डोक्यात आलं नाही. झोपेत तिला टक टक, टक टक असं ऐकू येत होतं. कूलरचा पत्रा वाजत असेल म्हणून तिनं कूस बदलली.

ऊन उतरल्यावर तिनं सुतळी सोडली. मादीनं कापडाला टोचून टोचून जागोजाग भोकं पाडली होती. आत तिन्ही पिल्लं गपगार पडली होती, चोची मात्र उघड्या.  तुळशीपाशी खड्डा करून तिनं ती पुरली आणि मागे वळली, तर नाना तिच्याकडेच बघत होते. त्यांचा हात 'झाक' म्हणत होता की 'नको' म्हणत होता, हे तिला आजही कळलेलं नाही.

त्या दिवसापासून नानांनी तोंड मिटलं. पेज नाही, पाणीही कसंबसं, कापूस ओला करून ओठांना लावला तर तेवढंच.

"एक घास घ्या न हो. म्या काय मुद्दाम केलं का?" ती विनवायची. नाना रिकाम्या घडाकडे बघत पडून राहायचे. तिला जेवण जाईना. माणूस असा वाळून गेला तर दोष कुणाचा? आपलाच. एकदा, फक्त एकदा, त्यांनी आपल्या हातचा घास घ्यावा, एवढंच तिचं मागणं होतं.

नवीन फोनवर म्हणाला, "आई, मी येतो. बाबांना धुळ्याला आणू. दवाखान्यात नाकातून नळी घालतात." तिला ती नळी नको होती. पण नको म्हणायलाही तोंड कुठे होतं?

मादी मात्र यायची. रिकाम्या घरट्यावर अळी घेऊन बसायची, आत वाकून बघायची, आणि अळीसकट उडून जायची.

एका सकाळी धुरपदाबाई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मागून आवाज आला. ची, ची, ची. पिल्लांचा.  पिल्लं तर तिनं स्वतःच्या हातानं मातीत घातली होती! ती घराबाहेर धावली. घरटं रिकामं. तुळशीपाशी माती जशीच्या तशी. आवाज पडवीतून येत होता.

नाना आ करून पडले होते. वाचा गेलेल्या त्या माणसाच्या घशातून हुबेहूब पिल्लाचा आवाज निघत होता. आणि खाटेच्या गातावर, कडेच्या लाकडावर, ती मादी. ती झुकली, नानांच्या तोंडात अळी ठेवली आणि उडाली. नानांनी ती गिळली.

"अवं माय वं!" धुरपदाबाईच्या हातातलं पीठ खाली पडलं. माळकरी माणसाच्या तोंडात अळी! गेले काही दिवस उशीवर नाकतोड्याचे पंख सापडत होते, त्यांचा अर्थ आता तिला लागला. हे केव्हापासून चाललं होतं कोण जाणे.

शेजारचे शालिग्राम आबा बघायला आले. त्यांच्यादेखत मादी आली, तसे ते दारातूनच मागे सरकले. "अक्का, हे काही खरं नही. नानाच्या अंगात पाखरू शिरलं. भगत बोलाव."

"म्या मारले तिचे लेकरं," धुरपदाबाई म्हणाली. "आता ती माह्या माणसाले न्यायले आली."

तिनं पडवीला जुन्या साड्या बांधल्या, चहूबाजूंनी, फट म्हणून ठेवली नाही. मादी बाहेर घिरट्या घालत राहिली. नाना आत ची ची करत राहिले. उन्हं कलता कलता त्यांचा आवाज बारीक झाला, मग बंदच पडला. आणि साडीवर बाहेरून सुरू झालं, टक टक, टक टक.

तो आवाज तिनं ओळखला. ती कूलरचा पत्रा समजून झोपली होती ना, तोच. ती भूतबाधा विसरली, भगत विसरली, आणि दोन्ही हातांनी साड्या ओढून काढल्या.

मादी आली. नानांनी आ केला. अळी गिळल्यावरही तोंड क्षणभर उघडंच राहिलं, आणखी मागत. तेवढ्यात धुरपदाबाईनं चमचा पुढे केला. पेज आत गेली.

मग रोजचं तेच झालं. आधी पाखराचा घास, मागून हिचा. पाखरू आलं नाही तर हिचाही घास नाही. नाना खातात, एवढंच तिनं फोनवर कळवलं, तसं नवीनचं येणं लांबलं. लोक मागच्या गल्लीनं जायचे सोडून वळसा घालायला लागले. ही चमचा धरून पाखराची वाट बघत बसायची. तिच्या मनातली भीती गेली होती असं नाही. मादी जवळ आली की तिची मान आपोआप खाली जायची. कधी कधी पाखराआधीच ती हळूच चमचा ओठांना लावून बघायची. ओठ मिटलेले असायचे.

नवतपा लागला, उन्हाळ्यातले ते नऊ कडक दिवस, आणि नाना गेले. सकाळी गेले, शांतपणे. धुरपदाबाईनं तोंडात पाणी घातलं, तुळशीचं पान ठेवलं. इतक्या दिवसांत पाखराआधी तिच्या हातचा घास घेतला तो असा, मेल्यावर. त्याचं काय करायचं? तिला रडू फुटेना.

नवीन धुळ्याहून पोचला. भाऊबंद जमले. पडवीत नानांना खाली घेतलं, जबडा फडक्यानं बांधला. शालिग्राम आबांनी पांढरी चादर गळ्यापर्यंत ओढली आणि तोंडावर घ्यायला गेले.

"झाकू नका!"

धुरपदाबाईनं चादरीचं टोक पकडलं.

"एकदा झाकलं म्या. आता नही झाकू देनार. तिची यायची वेळ हाये."

"आई, लोक थांबलेत," नवीन हळूच म्हणाला. ती हलली नाही. तिनं चादरीचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं.

मादी आली. एवढी माणसं, तरी आली. चोचीत हिरवी अळी. नानांच्या छातीवर उतरली आणि थांबली. तोंड उघडेना. ती हनुवटीवर चढली आणि मिटल्या ओठांवर चोच मारली. टक टक. टक टक.

तो आवाज धुरपदाबाईला सोसवला नाही. इतके दिवस अडकलेलं सगळं वर आलं आणि हंबरडा फोडायला तिनं तोंड उघडलं.

पाखरू वळलं. फडफडत तिच्या खांद्यावर आलं, झुकलं, आणि ती अळी तिच्या उघड्या तोंडात ठेवली.

"आई, थुंक! थुंक ते!" नवीन ओरडला. बायकांनी तोंडाला पदर लावले. धुरपदाबाईनं एकदा पाखराकडे पाहिलं. मग तिनं तोंड मिटलं आणि गिळलं.

पाखरू उडून गेलं. तिनं मूठ सोडली आणि स्वतःच्या हातानं नानांच्या तोंडावर चादर ओढली.